धाकट्याला कोण सांभाळणार, हे आधी विचारा

बीड, धाराशिव, जालना या पट्ट्यात ऊसतोड कुटुंबांतील मुलांसाठी काम करायला नव्याने येणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. समाजकार्याची पदवी घेऊन मी केज तालुक्यात रुजू झाले तेव्हा बालकामगार कायदा मला पाठ होता. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि घरच्या कामात मदत करायची मुभा आहे ती केवळ शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, हे सारे मी कुणालाही सांगू शकत होते. तरीही पहिल्याच हंगामात मी जी चूक केली ती आजही मला टोचते.

आमच्या सर्वेक्षणाच्या अर्जात ‘मूल काम करते का?’ असा प्रश्न होता. सहावीत शिकणाऱ्या एका मुलीच्या वडिलांना मी तो विचारला. ते म्हणाले, ‘नाही ओ ताई, लेकरू कशाचं ऊस तोडतंय?’ मी ‘नाही’ असे लिहिले आणि पुढच्या घरी गेले. डिसेंबरात सांगली जिल्ह्यात त्यांच्याच टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे तोडणाऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, पोहोचले, तेव्हा पहाटे चारला आईवडील फडात गेलेले होते आणि ती मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन एका हाताने चुलीत पाचट सारत होती. तिने पाणी भरले, भाकरी केल्या, दुपारी भावाला झोळीत निजवून वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधल्या. बापाने मला फसवले नव्हते. तिने ऊस तोडलाच नव्हता. चूक माझ्या प्रश्नात होती.

हे मी लांबवून सांगते, कारण नवे कार्यकर्ते हमखास इथेच अडकतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दोघांच्या नावावर टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि एकही दिवस चुकला तर खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. त्यामुळे आईला तान्ह्यासाठी मागे थांबता येत नाही, आणि ते काम घरातल्या थोरल्या मुलीवर येते. मुलगा आजीजवळ राहतो किंवा आईवडील तोडीला गेल्यावर मुलांना गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहात नाव घालतो; मुलगी मात्र ट्रकमध्ये बसते. वसतिगृहाने मुलीच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय होते, पण धाकट्याला दिवसभर कोण धरणार या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही, आणि ते उत्तर मिळाल्याशिवाय तुम्ही कितीही समजावले तरी आई मुलीला सोडणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही सोडले नसते.

म्हणून घरात सहा वर्षांखालचे कोण आहे आणि ते कुणाबरोबर राहणार, हे पहिल्या भेटीतच विचारा. अंगावर पिणारे मूल असेल तर ते आईबरोबर जाणारच. मग टोळीतली एखादी वयस्क बाई सगळ्यांची लहान मुले सांभाळेल का, आणि तिला त्याचा मोबदला कोण देईल, याची बोलणी मुकादमाशी निघण्याआधी करावी लागतात. हे सगळे आषाढ-श्रावणात व्हायला हवे. मी दसऱ्याला सुरुवात केली होती, तोवर उचल खर्चून गेलेली होती.

पालकांकडून हमीपत्रावर अंगठे घेणे आणि १२ जूनला, बालकामगारविरोधी दिनी, शाळेत शपथ देऊन छायाचित्र पाठवणे, हे आडमार्ग मला मान्य नाहीत. मी ज्या संस्थेत होते तिथे दर महिन्याला ‘किती मुले मुक्त केली’ हा आकडा मागितला जाई आणि वरिष्ठ तेवढ्यावर समाधानी असत. माझे मत विचाराल तर गावातली जुनी अंगणवाडी सेविका हीच तुमची खरी गुरू. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कुणाचे भांडण आहे, हे तिला ठाऊक असते.

पालकांना तुरुंगाची भीती तर मुळीच दाखवू नका. कायद्यातच पालकांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, आणि घाबरलेले कुटुंब पुढच्या वर्षी तुम्हाला दार उघडत नाही. ढाब्यावर किंवा वीटभट्टीवर मूल राबताना दिसले, तर मात्र थांबू नका. १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर कळवा, मालकासमोर मुलाची चौकशी करू नका, आणि सुटका झाल्यावर त्याला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे नेले जाते की नाही, हे स्वतः पाहा. एकट्या आईचे घर असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज त्याच आठवड्यात भरायला घ्या. दर मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात, परंतु कागद जमवण्यात महिने जातात. जे मूल जाणारच आहे त्याच्याबरोबर शाळेचे शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेले कार्ड, द्या. दाखला नाही म्हणून तिकडची शाळा त्याला प्रवेश नाकारू शकत नाही.

पहिला हंगाम बहुतेकांचा वाया जातो, माझाही गेला. तेवढ्यावरून काम सोडू नका.

दुसऱ्या वर्षी मी त्याच घरी श्रावणात गेले आणि धाकट्याबद्दल विचारले. भाऊ आता सव्वादोन वर्षांचा झाला होता, पण आजीला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हते. रांगोळीच्या पुडीला मीठ समजून तिने एकदा कालवणात घातली होती, मग तिच्याजवळ लेकरू कोण ठेवणार? आमच्या अर्जात आजीच्या डोळ्यांसाठी रकानाच नव्हता. भाद्रपदात सरकारी रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया मोफत झाली. दिवाळीनंतर ट्रक निघाला तेव्हा आई बराच वेळ मागे वळून पाहत होती. भाऊ आजीच्या कडेवर रडत होता आणि आजी नव्या चष्म्यातून त्याचे नाक पुसत होती. मुलगी दप्तर घेऊन पारापाशी उभी होती. परिपाठाची घंटा होऊन गेली होती.