गौरव अंकातला सरांचा जीवनपट छापण्याआधी कसा तपासावा

क्रीडाशिक्षक निवृत्त होतात, माजी विद्यार्थी गौरव अंक काढायचे ठरवतात आणि सरांचा जीवनपट बहुधा आठवणींवरच लिहिला जातो. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल आणि ॲथलेटिक्स एकाच माणसाने सांभाळलेले असले की आठवणी एकमेकींत मिसळतात. मग कबड्डीचे विजेतेपद खो-खोच्या खात्यावर जमा होते.

म्हणून आधी एक वही घ्या आणि प्रत्येक खेळाला वेगळे पान द्या. मजकुरातला एकेक दावा सुटा करून लिहा: वयोगट, मुले की मुली, तालुका, जिल्हा, विभाग की राज्य, आणि वर्ष. 'अनेक अजिंक्यपदे' असे मोघम वाक्य या रकान्यांत बसत नाही, तिथे लगेच खूण करा.

मग सेवापुस्तिका पाहा. रुजू झाल्याची तारीख, बदली, प्रशिक्षणाच्या नोंदी तिथे मिळतात. प्रशिक्षक तयार करणारी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था (एन.आय.एस.) १९६१ साली सुरू झाली. त्याआधीचा 'एन.आय.एस.' कोर्स कुठे लिहिला असेल तर वर्ष तरी चुकले आहे किंवा संस्था तरी.

वर्षांचा घोळ सर्वांत जास्त होतो. शालेय स्पर्धा शैक्षणिक वर्षाप्रमाणे चालतात. १९८७-८८ चे एकच विजेतेपद एक जण ८७ चे म्हणून सांगतो, दुसरा ८८ चे म्हणून, आणि अंकात दोन विजेतेपदे छापली जातात. सगळीकडे जोडवर्षच लिहा. जिल्ह्याचे नावही तपासा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. 'सिंधुदुर्ग जिल्हा अजिंक्यपद, १९७८' हे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचे असणार.

'राष्ट्रीय खेळाडू' या शब्दापाशी थांबाच. शालेय राष्ट्रीय स्पर्धा वेगळी आणि त्या-त्या खेळाच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा वेगळी. प्रमाणपत्र हातात घेऊन आयोजक कोण, सही कोणाची, 'सहभाग' लिहिले आहे की क्रमांक, हे वाचा. मूळ प्रत हरवली असेल तर दहावीच्या क्रीडा गुणांसाठी शाळेने पाठवलेल्या प्रस्तावांच्या फाइली शोधा, त्यांत प्रमाणपत्रांच्या प्रती असतात. चषकांवरची कोरलेली अक्षरे आणि शाळेचे जुने वार्षिक अंकही पाहा. पुरस्कारांतही हाच फरक ठेवा. जिल्हा क्रीडा पुरस्कार आणि शिवछत्रपती पुरस्कार दोन्ही 'शासनाचे' असले तरी एक नव्हेत.

धावण्याच्या वेळा लिहिताना अंतर विचारा. जुन्या शर्यती यार्डांत असत, आणि १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. हाताच्या स्टॉपवॉचची वेळ विद्युत घड्याळापेक्षा साधारण पाव सेकंद कमी येते, म्हणून ती कशाने मोजली तेही नोंदवा.

आता सर्वांत नाजूक काम. 'सरांनी घडवलेले खेळाडू' ही यादी त्या खेळाडूंशी बोलल्याशिवाय छापू नका. शाळेत किती वर्षे होता, सरांनी नेमके काय शिकवले, संध्याकाळी कुठल्या मंडळाच्या मैदानावर कोण शिकवत होते, हे विचारा. मंडळातल्या प्रशिक्षकाचे नाव आले म्हणून सरांचे श्रेय कमी होत नाही. मुलींचे संघ तर हमखास सुटतात. लग्नानंतर नावे बदललेली असतात आणि संपर्क तुटलेला असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून माहेरचे नाव काढा, वर्गमैत्रिणींना विचारा, दोन-चार फोन जास्त करा. त्यांच्याशिवाय लिहिलेला जीवनपट मला अर्धाच वाटतो. सकाळी सहाला मैदानावर मुली याव्यात म्हणून घरोघरी जाऊन पालकांची समजूत कोणी घातली, हे त्याच सांगू शकतात.

कागद मिळाला नाही तर दावा खोडायची घाई नको. एकमेकांशी न बोलता दोघांनी तोच तपशील सांगितला, तर 'माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीनुसार' असे लिहून तो ठेवा. शेवटी छपाईच्या आठवडाभर आधी पूर्ण मजकूर सरांना वाचून दाखवा, आणि ते 'हे माझे नाही' म्हणाले तर ते वाक्य त्यांच्यासमोरच काढा.