देवरुखात बसून मुंबईचं काम करायचं तर

घराजवळच्या सामायिक ऑफिसात बसून मी तीन वर्षं मुंबईच्या एका कंपनीचे हिशेब लिहिते. अशी जागा घेताना आधी भाडं विचारू नका, पावसाळ्यात एखादी दुपार तिथे बसून बघा. आमच्याकडे जुलैत वीज गेली की खरी परीक्षा. इन्व्हर्टरवर नुसते दिवे-पंखे आहेत की राउटरसुद्धा, हे वायर बघून स्वतः खात्री करा. स्पीड तपासताना डाउनलोडच्या आकड्यावर भुलू नका. मीटिंगमध्ये तुमचा आवाज पुढे पोचतो तो अपलोडवर.

तिथलाच संगणक वापरणार असाल तर आपलं वेगळं लॉगिन मागून घ्या. नसेल तर ब्राउझर खासगी विंडोतच उघडा. निघताना डाउनलोडमधल्या फाइली शिफ्ट-डिलीट करा, फोनवरच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून व्हॉट्सॲप तोडा. एकदा माझ्या आधी बसलेल्या मुलीची पगाराची स्लिप डेस्कटॉपवर तशीच राहिली होती. फाइलीवर तिचं नाव दिसत होतं. मी ती न उघडता तिला बोलावून घेतलं; बिचारीचा चेहरा उतरला.

फोनवर बोलायला वेगळा कोपरा हवाच. आणि महिन्याचे पैसे एकदम भरू नका, पहिले आठ दिवस रोजच्या दराने बसा.