हंपी एका दिवसात उरकू नका, असं बघा

कर्नाटकातल्या हंपीबद्दल, म्हणजे विजयनगर साम्राज्याच्या जुन्या राजधानीबद्दल, कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, मुक्काम किती रात्रींचा? कारण आपल्याकडे बरेच जण गोवा किंवा बदामी करून परत येताना एक दिवस हंपी टाकतात, अकरा वाजता पोचतात, भर उन्हात दगडी रथासमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी गाडी काढतात, मग घरी येऊन म्हणतात नुसते दगडच आहेत तिथे. आपल्या देशातली माझी सगळ्यात आवडती जागा आहे ही, त्यामुळे असं ऐकलं की खरंच जीव तुटतो. तीन रात्री ठेवा. नसेल जमत तर दोन, पण त्याखाली नको.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये अजिबात जाऊ नका, सगळा परिसर ग्रॅनाइटचा आहे, दिवसभर तापतो आणि रात्री पण गरम वाफ मारतो. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण धरणातून पाणी सोडलं की नदीकाठचा रस्ता जातो पाण्याखाली.

पुण्याहून गाडीनं सोलापूर-विजयपुरा-कुष्टगी करत जा नाहीतर कोल्हापूर-बेळगाव-हुबळी-गदग करत. ट्रेननं जायचं तर स्टेशन होस्पेट, तिथून हंपी 13 किमी, बस रिक्षा दोन्ही मिळतं. राहायला होस्पेटमध्ये मोठी हॉटेलं आहेत, पण मी म्हणेन हंपी गावातच किंवा जवळच्या कमलापूर गावात रहा, म्हणजे सकाळी उठून लगेच बाहेर पडता येतं. गावात नॉनव्हेज आणि दारू नाही, देवस्थान आहे. आणि जुने व्हिडिओ बघून नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डीत रूम शोधत बसू नका, तिथली गेस्टहाउसं 2020 मध्ये पाडली.

आता मेन गोष्ट. दिवसाचे तीन भाग करा. पहाटे आणि संध्याकाळी टेकड्या नि नदीकाठ, दहाच्या आत मोठी मंदिरं, आणि बारा ते साडेतीन सरळ जेवून आराम. एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं.

एका सकाळी मातंग टेकडीवर सूर्योदय बघाच. पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी तुटक आहेत, टॉर्च घ्या, ग्रिपवाले बूट घाला, एकट्यानं अंधारात चढू नका. वर उजेड झाला की खाली अच्युतराय मंदिर, केळीच्या बागा, तुंगभद्रा सगळं एकदम दिसतं. आईवडील बरोबर असतील तर त्यांना हेमकूट टेकडीवर न्या, विरूपाक्ष मंदिराला लागूनच आहे, चढ सोपा आहे, सूर्यास्त तिथून मस्त दिसतो.

विठ्ठल मंदिरासाठी एक सकाळ पूर्ण ठेवा. विरूपाक्षासमोरच्या बाजारातून नदीच्या कडेनं चालत जा, साधारण दोन किमी आहे, वाटेत कन्नड संतकवी पुरंदरदासांचा मंडप लागतो, ज्यांच्या पदांत 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा, म्हणजे कवीची सही, येते ते हेच. चालवत नसेल तर गाडी पार्किंगला लावून इलेक्ट्रिक गाडीनं आत जाता येतं. 50 च्या नोटेवर आहे तो रथ इथलाच, फोटो काढा, पण तिथूनच परत फिरू नका. गाभाऱ्यापर्यंत जा. गाभारा रिकामा आहे. आपली वारकरी परंपरा सांगते की पंढरपूरची मूर्ती विजयनगरला, म्हणजे इथेच, नेली होती आणि भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, ती परत पंढरपूरला आणली. हे माहीत असलेल्या मराठी माणसाला त्या रिकाम्या जागेसमोर जे वाटतं ते बाकी टुरिस्टला नाही वाटणार. इथल्या दगडी खांबांतून सूर निघतात, पण ते वाजवून बघू नका, आधीच खूप नुकसान झालंय.

तिकीट जपून ठेवा! विठ्ठल मंदिराच्या तिकिटावरच त्याच दिवशी कमळ महालाचा परिसर आणि कमलापूरचं म्युझियम बघता येतं. म्हणून त्याच दुपारी उन्हं कलल्यावर तिकडे जा. कमळ महाल, हत्तींची अकरा दालनांची पागा लोक बघतातच, पण जवळच्या हजारराम मंदिराला खरा वेळ द्या. भिंतीवर रामायण कोरलंय, एकेका चौकटीत एकेक प्रसंग, प्रदक्षिणा घालत घालत वाचत जायचं, मुलं बरोबर असतील तर त्यांनाच ओळखायला लावा की हा प्रसंग कुठला. मग महानवमी डिब्बा म्हणजे उंच दगडी चौथरा, त्याच्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी. काळ्या दगडाची आहे आणि नीट बघितलं तर दगडांवर बारीक खुणा दिसतात, कुठला दगड कुठल्या बाजूला कुठल्या ओळीत बसवायचा त्याच्या. 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर हे सगळं शहर उद्ध्वस्त झालं, तरी कारागिराची ती खूण अजून तशीच आहे. मी तिथे जाऊन प्रत्येक वेळी हेच बघत बसतो.

विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूला अंधाऱ्या खोलीत गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, ती चुकवू नका, ऊन असताना जा. उग्र नरसिंह 6.7 मीटरचा अखंड दगडातला, शेजारीच पाण्यातलं बडवीलिंग, म्हणजे मोठं शिवलिंग. दोन्ही रस्त्याला लागूनच आहेत, अर्धा तास पुरे.

शेवटचा दिवस नदीपलीकडच्या आनेगुंदी गावाला. तिथली अंजनाद्री टेकडी हनुमानाचं जन्मस्थान मानतात, साधारण पावणेसहाशे पायऱ्या, सकाळीच चढा आणि हातात खायचं काही ठेवू नका, माकडं हिसकावतात. होडीनं गेलात तर परतीची वेळ आधीच विचारून ठेवा, संध्याकाळी होड्या बंद होतात आणि मग रोडनं लांबचा वळसा पडतो.

खायला जोळद रोट्टी मागा, आपली ज्वारीची भाकरीच, सोबत एण्णेगाई म्हणजे भरली वांगी. डोसा-इडली सगळीकडे मिळते, हे नाही मिळत.

घरी परतताना गाडी असेल तर ऐहोळे, पट्टदकल करत बदामीला एक मुक्काम टाका. हंपीहून नाष्टा न करताच निघा, वाटेत खाता येतं, म्हणजे दोन्ही ठिकाणी घाई होत नाही.