झाडाच्या मुळ्यांत गळणारी पाईपलाईन: दुरुस्ती करताना या चुका टाळा

बांधावरच्या उंबराखाली ऐन एप्रिलमध्ये गवत हिरवेगार दिसू लागले आणि तुषार संचाच्या शेवटच्या तोट्या नीट फिरेनाशा झाल्या, की निदान ठरलेले असते: मुळीने पाईप फोडला. मग कुऱ्हाड येते, आड येईल ती मुळी तुटते, पाईपला तुकडा बसतो आणि चारी बुजवली जाते. पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा पाणी दिसते. तोवर झाडही एका बाजूने वाळायला लागलेले असते.

धडधाकट पीव्हीसी पाईपला भोक पाडायची ताकद मुळीच्या टोकात नसते. मूळ ओलाव्याच्या मागे जाते. जोडातून आधी थेंब थेंब पाणी झिरपते, भोवतीची माती बारमाही ओली राहते, तिथे बारीक मुळ्यांचे जाळे जमते. लाईन बंद असलेल्या दिवसांत त्यातली एखादी केसाएवढी मुळी जोडाच्या फटीत शिरते आणि जाड होत फट रुंदावत नेते. म्हणजे गळती आधी झाली, मुळी नंतर आली. दुसरा प्रकार खोडाजवळचा. तिथली जाड मुळी वाढताना पाईपला ढकलते किंवा उचलते, वादळवाऱ्यात झाड डोलले की मुळ्यांसकट मातीही हलते आणि तो ताण सर्वात जवळच्या जोडावर येतो. दोन्ही प्रकारांत हार मानतो तो जोड. काळ्या जमिनीत तर झाड नसले तरी हे घडते, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाईपला दर वर्षी ओढते. म्हणून झाडाला दोषी ठरवण्याआधी जोड नीट पाहा.

पाणी दिसले तिथेच खोदणे

सर्वाधिक मेहनत वाया जाते ती इथे. पाईप पुरताना भरलेली माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कायम भुसभुशीत राहते. गळलेले पाणी त्या मातीतून, पाईपला धरून उताराकडे सरकते. वाटेत जाड मुळी भेटली तर तिच्या कडेने जाते. ते वर येते ते जिथे माती पातळ असेल किंवा उंदराचे बीळ असेल तिथे, आणि ती जागा खऱ्या गळतीपासून बरीच लांब असू शकते. त्यामुळे ओल दिसली की खोदाई तिच्या चढाच्या बाजूने सुरू करा.

त्याआधी एक साधी तपासणी करा. मोटार चालू करून लाईन भरा, विहिरीजवळचा आणि शेवटचा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून मोटार थांबवा आणि प्रेशर गेज अर्धा तास पाहत राहा. दाब टिकला तर लाईन चांगली आहे, ओल दुसरीकडून येते आहे. दाब उतरला तर लाईन गळते. विहिरीजवळचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून ही तपासणी करू नका. फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाईपच्या विहिरीतल्या टोकाचा, पाणी परत उतरू न देणारा व्हॉल्व्ह) गळका असेल तर पाणी विहिरीत उतरते आणि तुम्ही निष्कारण उंबराखाली खड्डे घेत बसता. मधे कुठे व्हॉल्व्ह असतील तर एकेक टप्पा बंद करून पाहा. ज्या टप्प्यात दाब उतरतो, तेवढाच खोदायचा.

छोटी गळती आहे म्हणून हंगाम काढायचा विचार असेल तर हा हिशेब पाहा. तुषार तोटीला साधारण अडीच किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो. या दाबाला ३ मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला तीनशे लिटरहून जास्त पाणी जाते.

ऑटो स्विच चालू ठेवून चारीत उतरणे

शेतातली लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून बहुतेक स्टार्टरला ऑटो स्विच असतो. तुम्ही चारीत वाकून पाईप कापत आहात आणि तेवढ्यात लाईट आली, तर मोटार आपोआप चालू होते. चिखलात उभ्या माणसाच्या अंगावर दाबाचे पाणी येते, पाय घसरतो, हातात करवत असते. ऑटो बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि पेटीजवळ कोणाला तरी थांबवा. खोदलेली चारी कमरेपेक्षा खोल आणि माती ओली असेल तर कडा उतरत्या करा. ओली काळी माती ढासळते तेव्हा आधी कसलीच सूचना देत नाही.

मुळ्या दिसतील तशा तोडणे

जेसीबी झाडाजवळ आणूच नका. बकेट मुळी कापत नाही, ओढते, आणि ती चार-पाच फूट आत, खोडाच्या दिशेने चिरत जाते. ती जखम तुम्हाला दिसतही नाही. झाडाच्या घेरात खोदाई हातानेच करावी: वरचा फूटभर थर कुदळीने हलक्या हाताने, पुढे खुरपे आणि पाणी. झाडाच्या अन्नपाणी शोषणाऱ्या बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्या फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेल्या असतात.

किती जवळ म्हणजे जवळ, याचा ठोकताळा असा. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, त्याला ३.१४ ने भागा, व्यास मिळेल. व्यासाच्या १२ पट अंतरापर्यंतचा भाग झाडाचा जपण्याचा भाग. १२५ सेंटिमीटर घेराच्या आंब्याचा व्यास सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे खोडापासून जवळजवळ पाच मीटर. व्यासाच्या तीन ते पाच पटीच्या आत, म्हणजे याच आंब्याला सव्वा ते दोन मीटरच्या आत, झाडाला उभे धरणाऱ्या मुळ्या (धरमुळ्या) असतात. तिथे एकही जाड मुळी तोडायची नाही. गळती तिथेच असली तरीही नाही.

त्याबाहेर बोटाएवढी मुळी आड आली तर कापायला हरकत नाही. मनगटाएवढी असेल तर ती तशीच ठेवून तिच्याखालून जागा करा. कापायचीच असेल तर धारदार करवतीने सरळ, स्वच्छ काप द्या. कुऱ्हाडीने ठेचलेल्या टोकाला कुज लवकर लागते. कापावर डांबर किंवा ऑईल पेंट फासण्याची गरज नाही. झाडाच्या दोन विरुद्ध बाजूंच्या मुळ्या एकाच वर्षी तोडणे हा तर सरळ धोका आहे, विशेषतः मृगाच्या तोंडावर. ओली सैल जमीन, वादळी वारा आणि एका बाजूची धरच गेलेली, अशा स्थितीत मोठे झाड घरावर किंवा तारांवर येऊ शकते. निवड करता येत असेल तर हे काम पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या.

नारळाचे गणित वेगळे. त्याच्या मुळ्या दोरीसारख्या, सगळ्या साधारण सारख्या जाडीच्या असतात आणि आंबा-जांभळासारख्या वर्षागणिक जाड होत नाहीत. त्यामुळे नारळाने पाईप उचलला असे सहसा होत नाही. तिथे गळती असेल तर ती जोडाचीच धरून चाला. काही मुळ्या कापल्या गेल्या तरी बुंध्यातून नव्या येतात. उलट वड, पिंपळ, उंबर यांची मुळे ओलाव्याच्या मागे फार दूरवर जातात. यांच्याजवळ जोड असणेच चुकीचे.

शहरात, सोसायटीच्या बागेत किंवा लॉनच्या पॉप-अप स्प्रिंकलरसाठी हे काम करत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नागरी क्षेत्रासाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडणे याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते. जाड मुळ्यांना हात लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी विचारणा करा.

ओल्या पाईपला सोल्युशन लावणे

सोल्युशन म्हणजे पीव्हीसी पाईप चिकटवायचा द्रव. नवा जोड वर्षभरात सुटतो तो बहुधा तो ओल्या पाईपला लावल्यानेच. चढाकडच्या लाईनमध्ये पाणी साठलेले असते आणि पाईप कापला की ते तासन् तास झिरपत राहते. घाईत पाईप फडक्याने पुसून सोल्युशन लावले जाते, आणि जोड बसतो तोवर आतून पाण्याची बारीक धार सोल्युशन धुऊन नेते. असा सुटलेला जोड हातात घेऊन पाहा. वरच्या अर्ध्या भागात पाईप आणि सॉकेट (पाईप ज्यात घुसतो तो जोडतुकडा) एकजीव झालेले असतात, उपटताना सॉकेटचा पापुद्रा निघून आलेला असतो. खालच्या अर्ध्यात मात्र पाईप गुळगुळीत, जणू सोल्युशन लावलेच नव्हते. गळती याच खालच्या बाजूने असते, वरून कितीही पाहिले तरी ती सापडत नाही.

म्हणून लाईन रिकामी करा. सर्वात सखल जागचा फ्लश व्हॉल्व्ह किंवा एण्ड कॅप उघडा. पाईपच्या खाली फूटभर खोल खड्डा घ्या, म्हणजे पाणी त्यात उतरेल आणि जोडाची जागा कोरडी राहील. पाईपमध्ये चिंधी कोंबून पाणी अडवू नका. ती आत राहिली की पुढच्या तोट्या बंद पडतात. पाईप काटकोनात कापा, कडेची कुसे काढा, बाहेरची धार कानशीने किंचित उतरती करा. पाईप आणि सॉकेट दोन्हींवर पातळ, सलग थर द्या, पाव फेरा फिरवत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर तो परत बाहेर सरकतो. मग २४ तास दाब देऊ नका. पाण्याची पाळी चुकेल म्हणून तीन तासांत मोटार लावणे म्हणजे आजचे काम पुन्हा करणे.

अडचण येते ती दोन्ही टोके पुरलेली असताना मधला तुकडा बसवताना. पाईप वाकवून घालायला दोन्ही बाजूंनी बरीच चारी मोकळी करावी लागते, आणि मुळ्यांत तेवढी जागा नसते. इथे जोर लावला तर जोड तिरका बसतो. ज्याच्या मधे कड नाही असा सरकता रिपेअर सॉकेट वापरा, किंवा रबर रिंगचा आवळायचा कपलर घ्या. मुळ्यांच्या भागात मला कपलरच जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो थोडी हालचाल सहन करतो.

शेतावर सर्रास होणारी गोष्ट म्हणजे सॉकेट नाही म्हणून पाईपचे तोंड काटक्यांच्या जाळावर तापवून फुगवणे. फुगवलेल्या भागाची जाडी कमी होते, कुठे करपते, कुठे एका बाजूला पातळ पडते. पाटाच्या पाण्याच्या लाईनला ते कदाचित चालून जाईल, तुषारच्या दाबाला नाही. तुकडाही लाईनच्याच दाबाचा हवा. ६३ मिलिमीटरच्या पाईपमध्ये ६३ हा बाहेरचा व्यास असल्याने ४ किलोचा पाईप ६ किलोच्या सॉकेटमध्ये अगदी नीट बसतो आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. पाईपवरचा छाप वाचा. काळ्या एचडीपीई पाईपला तर सोल्युशन धरतच नाही, त्याला आवळून बसणारे कॉम्प्रेशन फिटिंग लागते.

सायकलची ट्यूब गुंडाळणे, एमसील थापणे हे एक पाळी काढण्यापुरते. जोडाभोवती काँक्रीट ओतणे मात्र अजिबात नको. मुळीने ते उचलले तर जोड नाही, सगळा पाईपच तुटतो. आणि मुळ्या मराव्यात म्हणून खड्ड्यात मोरचूद किंवा मीठ टाकणारे लोक आहेत. मोरचुदातले तांबे मातीत साठून राहते, झाडाला जाचते, आणि गळती होती तशीच राहते.

हट्टाने जुन्याच जागी पाईप टाकणे

माझा आग्रह या एका गोष्टीचा आहे. गळती धरमुळ्यांच्या भागात असेल तर तिथे दुरुस्ती करूच नका. त्या भागाच्या अलीकडे आणि पलीकडे लाईन कापा, जुन्या तुकड्याची दोन्ही तोंडे बंद करून तो मातीतच राहू द्या आणि झाडाला वळसा घालून नवी लाईन टाका. जुना पाईप उपटायचा नाही, मुळ्यांनी त्याला कवटाळलेले असते. वळशासाठी एचडीपीईची सलग गुंडाळी उत्तम. ६३ मिलिमीटरला दोन मीटर त्रिज्येचे सैल वळण दिले की झाडाजवळ एकही जोड राहत नाही. पंधरा-वीस मीटर जास्त पाईपचा खर्च येतो, हे खरे. पण तीस वर्षांचे जांभूळ कोणत्याही दुकानात मिळत नाही.

जागाच नसेल, शेजाऱ्याचा बांध किंवा भिंत आड येत असेल, तर मुळीखालून पहारीने बोगदा करा, त्यात ११० मिलिमीटरचा पाईप सरकवा आणि त्यातून आपली लाईन न्या. पुढे कधी बदलायची झाली तर खोदावे लागणार नाही.

चारी लगेच बुजवणे, आणि झाडाला विसरणे

पाईपखाली चार बोटे वाळू किंवा चाळलेली माती घाला, दगड-मुरूम थेट पाईपवर टाकू नका. जोड उघडे ठेवून मधला भाग मातीने दाबा, मग चाचणी घ्या. व्हॉल्व्ह थोडासाच उघडून लाईन सावकाश भरा, हवा शेवटच्या टोकातून निघून जाऊ द्या. रिकाम्या लाईनमध्ये एकदम पाणी सोडले की कोंडलेली हवा आणि पाण्याचा धक्का नव्या जोडावर बसतो. ऑटो स्विचवर चालणाऱ्या लाईनला हा धक्का रोज बसत असतो, म्हणून चढाच्या जागी कोंडलेली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवाच. तासभर पूर्ण दाब देऊन जोड कोरडा राहिला, तरच माती लोटा.

शेवटी झाड. गळतीच्या पाण्यावर त्याने कैक वर्षे काढलेली असतात, त्या जागी त्याच्या बारीक मुळ्यांचे दाट जाळे असते. गळती बंद झाली, वर काही मुळ्याही गेल्या, की पुढच्या उन्हाळ्यात पाने पिवळी पडून गळतात. त्या हंगामात गळतीच्या बाजूला, खोडापासून दूर, आळे करून आठ-दहा दिवसांनी भरपूर पाणी द्या, वर पाचटाचे आच्छादन घाला आणि पुढे पाण्यातले अंतर वाढवत न्या. आंब्याला मात्र मोहोर येण्याआधी हे पाणी देऊ नका. त्या दिवसांत त्याला ताण हवा असतो, नाहीतर मोहोराऐवजी पालवी फुटते.