ट्रॉली ओढणाऱ्या जुन्या गाडीची मागची बाजू बसली असेल तर

तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात जुनी बोलेरो, सुमो किंवा क्वालिस नुसती माणसांची ने-आण करत नाही. लग्नसराईत आणि यात्रांच्या दिवसांत तिच्यामागे जनरेटरची ट्रॉली असते आणि द्राक्षाच्या हंगामात मागच्या सीटच्या जागी खताची पोती असतात. अशा गाडीची मागची बाजू इतकी हळूहळू खाली जाते की, मालकाच्या ते लक्षात येईपर्यंत खड्ड्यात रबरी स्टॉपर हाउसिंगवर (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या कवचावर) आदळल्याचा आवाज येऊ लागलेला असतो. त्यावर सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे एक पाटा (गाडीचे वजन पेलणाऱ्या, एकावर एक बसवलेल्या वाकदार पोलादी पट्ट्यांपैकी एक) वाढवून घेणे. हा सल्ला चुकीचाच असतो असे नाही, मात्र गाडी नेमकी कशामुळे बसली हे न पाहता पाटा वाढवला तर मूळ दोष तसाच राहतो, रिकाम्या गाडीत मागे बसणाऱ्यांना धक्के बसू लागतात आणि ब्रेकच्या बाबतीत एक नवाच धोका तयार होतो.

पहिले काम मोजमापाचे आहे. गाडी सपाट सिमेंटच्या जागेवर घ्यावी, चारही टायरमध्ये योग्य हवा भरावी, सामान उतरवावे आणि मागची बाजू दोन-चार वेळा दाबून सोडावी, म्हणजे पाटे त्यांच्या नेहमीच्या जागी येतात. त्यानंतर प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. जमिनीपासून उंची मोजू नये, कारण टायरची झीज आणि हवा त्या मापात मिसळते. मग नेहमीच्या भारासह ट्रॉली जोडून पुन्हा तीच चार मापे घ्यावीत. रिकाम्या गाडीच्या मागच्या दोन्ही बाजूंत दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर पाटे केवळ थकलेले नसून एका बाजूचा पाटा तुटला आहे किंवा बुश (पाट्याच्या सांध्यातले रबरी अस्तर) संपले आहे असे समजून शोध घ्यावा. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील आणि रिकाम्या गाडीतही मुख्य पाटा सपाट किंवा उलटा वाकलेला दिसत असेल, तर त्या संचाचे आयुष्य संपले आहे. रिकामी गाडी ठीक उभी राहते आणि फक्त ट्रॉली जोडल्यावर बसते, असे असेल तर पाट्यांना हात लावण्याआधी ट्रॉलीकडे वळावे.

ट्रॉलीच्या दांडीचे टोक हुकावर किती वजन टाकते, हे आपल्याकडे फारसे कोणी मोजत नाही. बेदाण्याच्या गोदामातला वजनकाटा त्यासाठी पुरेसा आहे. भरलेली ट्रॉली सपाट जागी उभी करावी, तिच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि दांडीचे टोक हुकाच्या उंचीइतक्या ठोकळ्यावर, पण काट्याच्या मधोमध टेकवावे. एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के वजन तेथे आले, तर ट्रॉली नीट भरली आहे असे मानावे. म्हणजे ८०० किलोच्या ट्रॉलीसाठी ८० किलो. आता हे ८० किलो गाडीच्या मागच्या हाउसिंगवर ८० किलोच राहत नाहीत, कारण हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो आणि गाडी तराजूच्या दांडीसारखी वागते. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २६८० मिलिमीटर आहे. हुक मागच्या चाकांच्या मध्यापासून १०७० मिलिमीटर मागे असेल, तर मागच्या चाकांवर सुमारे ११२ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे ३२ किलो कमी होतात. स्टिअरिंग हलके लागणे आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणे ही दोन्ही लक्षणे यातूनच येतात. हुक उगाच लांब काढलेला असेल तर तो आखूड करून घेण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

जनरेटर चौकटीवर पक्का बसवलेला असल्याने तो सरकवता येत नाही, परंतु केबलची वेटोळी आणि डिझेलचे कॅन बहुधा दांडीच्या बाजूला ठेवलेले असतात. ते ट्रॉलीच्या चाकांवर आणले की टोकावरचा भार लक्षात येण्याइतका उतरतो. मात्र गाडी उचललेली दिसावी म्हणून वजन फार मागे नेऊ नये. टोकावर वजन कमी पडले की ट्रॉली वेगात डावी-उजवीकडे झोकांड्या खाते, आणि हा धोका गाडी बसण्यापेक्षा मोठा आहे.

यानंतर गाडीखाली जावे. पाट्यांवरचा चिखल तारेच्या ब्रशने काढून, डिझेलने पुसून मगच तपासणी करावी, कारण तडा बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या) जवळ किंवा मुख्य पाट्याच्या टोकाच्या गोल कडीपाशी असतो आणि धुळीखाली तो दिसत नाही. दोन पाट्यांच्या मधून ताज्या गंजाचा ओघळ आलेला दिसला, तर तेथे बॅटरी धरून नीट पाहावे. शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुश पहारीने हलवून पाहावे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर डाव्या व उजव्या बाजूने मोजावे. ते सारखे नसेल, तर यू-बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) सैल होऊन किंवा सेंटर बोल्ट तुटून हाउसिंग सरकले असण्याची शक्यता मोठी आहे. शॉकअब्सॉर्बर बदलले की गाडी उचलेल, हा समज मात्र सोडून द्यावा. ते उसळी आवरतात, गाडीचे वजन पेलत नाहीत. थकलेले असतील तर जरूर बदलावेत, पण उंचीसाठी नव्हे.

पावसाळ्याच्या तोंडावर पाट्यांवर जळके ऑइल मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने कुरकुर थांबते हे खरे आहे, परंतु ते ऑइल रबरी बुश फुगवते, धूळ धरून पाट्यांमध्ये घासणारा लेप तयार करते आणि उडून ब्रेकच्या ड्रमपाशी पोहोचू शकते. पाटे सोडवलेले असतानाच त्यांच्यामध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस लावणे चांगले.

पाटे खरोखर गेले असतील, तर माझ्या मते सर्वांत योग्य उपाय म्हणजे दोन्ही बाजूंचे पूर्ण नवे संच बसवणे. खर्च वाचवण्यासाठी मी एकदा जुन्या पाट्यांची कमान भरून, म्हणजे त्यांना पुन्हा वाक देऊन घेतला होता. त्या गॅरेजमध्ये पाटे गॅसच्या ज्योतीवर लाल करून ठोकले आणि तसेच हवेत गार होऊ दिले. गाडी चार सेंटीमीटर उचलली गेली म्हणून मी समाधानाने घरी आलो, आणि पुढचा हंगाम संपायच्या आत ती पुन्हा बसली. सोडवून पाहिले तेव्हा दुसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टपाशी तडा होता. पाट्याचे पोलाद भट्टीत ठरावीक तापमानाला तापवून तेलात बुडवलेले आणि नंतर पुन्हा कमी तापमानावर तापवून चिवट केलेले असते. ज्योतीने लाल केले की पोलादाला असे दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कणखरपणा, उतरतो आणि हवेत गार झालेला पाटा साध्या पट्टीसारखा वागू लागतो. कमान भरायचीच असेल, तर ती न तापवता दाबयंत्रावर भरणाऱ्याकडे किंवा तापवल्यानंतर संपूर्ण पाण्याची प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावी, आणि तरीही ती नव्या संचाइतकी टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

वाढीव पाटा केव्हा घालावा? मूळ संच धडधाकट आहे, ट्रॉलीचे वजन नीट वाटलेले आहे आणि गाडीला वर्षभर बहुतेक दिवस भार ओढावाच लागतो, अशा वेळी. येथे जाडीकडे लक्ष द्यावे. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ७ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घेतला तर तो एकटा जवळजवळ दीडपट ताठ असतो. बाकीच्या पाट्यांच्या जाडीचाच पाटा घ्यावा. भार आल्यावरच टेकणारा, खालच्या बाजूचा जवळपास सरळ हेल्पर पाटा मिळाला, तर रिकाम्या गाडीचा आरामही टिकतो. सुमोसारख्या गाडीत मोजके, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे पाटे असतील, तर त्यांच्या मध्ये साधा पाटा घुसवू नये, कारण ते एकमेकांना फक्त ठरावीक जागी टेकावेत अशीच त्यांची रचना असते.

प्रत्यक्ष काम करताना एक गोष्ट विसरली जाते. या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि इंजिनाचा जोरही त्याच चाकांवर जातो, त्यामुळे मागची चाके उचलली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी होतात. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅक चढवू नये, आणि चॅसिसखाली (गाडीच्या मुख्य चौकटीखाली) मजबूत घोड्या, म्हणजे आधाराचे स्टँड, दिल्याशिवाय अंग गाडीखाली घालू नये. विटा किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर हे काम कधीही करू नये. हाउसिंगखाली वेगळा जॅक हवा, म्हणजे ते हवे तसे खाली-वर करता येते.

गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. एका वेळी एकच बाजू सोडवावी, म्हणजे दुसरी बाजू हाउसिंगला जागेवर धरून ठेवते. शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि मग यू-बोल्ट काढून, पाट्यावरचा ताण जाईपर्यंत हाउसिंग सावकाश उतरवावे आणि ते करताना ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे पाहत राहावे. संच काढण्याआधी त्याच्या पुढच्या टोकाला रंगाने खूण करावी, कारण सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर असतोच असे नाही. बसवताना सेंटर बोल्टचे डोके हाउसिंगच्या बैठकीतल्या छिद्रात पूर्ण बसले आहे याची हाताने खात्री करावी. ताणले गेलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे यू-बोल्ट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळावेत. शॅकल आणि पुढच्या पिनेचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून दोन-तीन वेळा हलवल्यानंतरच शेवटचे आवळावेत. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

जुन्या स्कॉर्पिओ आणि सफारीला मागे पाट्यांऐवजी वेटोळ्यांच्या स्प्रिंग असतात. तेथे दोन्ही स्प्रिंग जोडीनेच बदलाव्यात. स्प्रिंगखाली चकती टाकल्याने उंची वाढते, पण ताकद वाढत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आता ब्रेक. बऱ्याच जुन्या गाड्यांत चॅसिसवर एक व्हॉल्व्ह आणि त्यापासून हाउसिंगपर्यंत एक सळई असते. गाडी भाराने बसली की सळई व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो, तर गाडी रिकामी असताना मागची चाके घसरू नयेत म्हणून दाब कमी केला जातो. आपण पाटे उचलले की या व्हॉल्व्हला भरलेली गाडीसुद्धा रिकामी भासते. माझ्या गाडीचे पाटे दुसऱ्यांदा केल्यावर पाचगणीहून जनरेटर घेऊन पसरणी घाट उतरताना मला याचा अनुभव आला. पेडल घट्ट होते, तरी मागून ट्रॉली ढकलते आहे असे वाटत होते, आणि वाईत थांबलो तेव्हा पुढच्या चाकांना जळका वास येत होता. पाट्यांचे काम उत्तम झाले होते, सळई मात्र कोणी पाहिलीच नव्हती. म्हणून उंची बदलल्यावर या व्हॉल्व्हची जुळणी पुस्तिकेप्रमाणे करून घ्यावी. सळई वाकवून किंवा तारेने बांधून व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवण्याचा उद्योग करू नये, कारण पहिल्या पावसात रिकाम्या गाडीची मागची बाजू फिरते.

पाटा वाढवल्याने गाडीची कायदेशीर क्षमता वाढत नाही. गाडी सांगलीच्या एमएच-१० ची असो की साताऱ्याच्या एमएच-११ ची, नोंदणी पुस्तकातले वजनच लागू राहते आणि बदलांना मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ लागू होते. हाउसिंग, बेअरिंग आणि टायरची ताकदही पाट्यांबरोबर वाढलेली नसते.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पाचशेनंतर आणखी एकदा तपासावेत, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना थोडी जागा सोडतात. त्याच वेळी रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून, ट्रॉली जोडून, हेडलाइटचा झोत खाली घ्यावा. चारही चाकांची नवी मापे दरवाजाच्या आतल्या कडेला रंगाने लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या हंगामाआधी टेप लावली की गाडी किती बसली ते लगेच कळते.