ग्लूटेन वर्ज्य असताना रामेन मागवताना

रामेन, म्हणजे रश्शात वाढल्या जाणाऱ्या जपानी नूडल्सच्या पदार्थातले नूडल्स, गव्हाचे असतात हे बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे, सीलिअ‍ॅकचा रुग्ण (ज्याला गहू, जव यांतले ग्लूटेन हे प्रथिन अजिबात चालत नाही) तांदळाचे नूडल्स मागवून निश्चिंत होतो. खरी अडचण मात्र वाडग्याच्या तळाशी असते. रश्शाला चव देणारे जे मिश्रण तिथे आधी ओतले जाते, ज्याला जपानीत ‘तारे’ म्हणतात, त्यात बहुधा सोया सॉस असतो, आणि नेहमीचा सोया सॉस सोयाबीनबरोबर गहू आंबवून केलेला असतो. मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी लगद्यात, कधीकधी जव असते. वर ठेवलेले अर्धे अंडेही अनेकदा सोया सॉसमध्येच मुरवलेले असते.

त्यामुळे इंदूरला विजयनगरकडे जेवायला गेल्यावर वेटरला ‘मैदा नहीं चाहिए’ एवढेच सांगून भागत नाही, कारण सॉसमध्ये मैदा नाही असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगेल. ‘भैया, सॉस की बोतल दिखा दीजिए’ असे म्हणावे आणि घटकांची यादी स्वतः वाचावी. (बांधानी हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ असते, हे आपल्याला घरीसुद्धा उशिराच कळते.) गव्हाशिवाय केलेल्या तामारीची (हा सोया सॉसचाच एक प्रकार) छोटी बाटली सोबत नेऊन, रस्सा बिनसॉसचा मागता आला तर उत्तम.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. गव्हाचे नूडल्स ज्या पाण्यात उकळले, त्याच पाण्यात तांदळाचे नूडल्स बुडवले की सगळी काळजी वाया जाते. म्हणून वेगळे भांडे, ताजे पाणी आणि धुतलेली जाळी मिळेल का, हे गर्दी नसलेल्या वेळी जाऊन थेट आचाऱ्यालाच विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर रामेन मागवू नये.