हिप्पी स्टाईल पोस्टर काढायचंय? मग हे वाच भावा

गेल्या वर्षी मंडळाच्या ऑर्केस्ट्रासाठी मी नेटवरचं इंद्रधनुष्य चिकटवून 'सायकेडेलिक' (म्हणजे नशेत दिसतं तसं, हिप्पी स्टाईल) पोस्टर केलं, रंकाळ्यावर लावलं तर कुणी ढुंकून बघेना. नंतर कळलं कुठं माती खाल्ली ते.

आधी थोडं मागचं. १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत वेस विल्सन नावाचा चित्रकार फिल्मोर ऑडिटोरियम या हॉलमधल्या गाण्याच्या शोची पोस्टरं काढायचा, तेव्हा तिथल्या पोरांत एलएसडी या ड्रगचं वेड होतं (त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियानं बंदी घातली), आणि त्या नशेत रंग थरथरतात, आकार वितळतात तसंच त्यानं कागदावर आणलं. वाचायला मुद्दाम अवघड, म्हणजे माणूस थांबतोय.

आता काम. पेन्सिलनं आधी ज्वाळेचा नाहीतर केसांचा मोठा आकार काढ आणि अक्षरं त्यात पीठ दाबून भरल्यासारखी ठासून भर, मधे जागा सोडायची नाही. शिरोरेषा सरळ ओढलीस की संपलं, ती आकाराच्या कडेनं वाकव, 'क' चं पोट फुगव, वेलांटी लांब सोड.

रंग मात्र दोनच, रंगचक्रात समोरासमोरचे, लाल-हिरवा किंवा निळा-केशरी. तिथलाच दुसरा पोस्टरवाला व्हिक्टर मोस्कोसो, तो ही रंगांची गंमत अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्स या चित्रकार मास्तराकडं शिकला होता. दोन्हींचा उजेड सारखा पाहिजे, मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर, अक्षरं गायब झाली तर जमलं म्हणायचं, डोळ्यासमोर कडा नाचणार. नाहीतर निळ्यात पांढरा घालून बघ, माझं तिथंच अडलेलं.

तारीख-वेळ मात्र खाली साध्या अक्षरात टाक बाबा.